अमेरिकेतल्या काउंटी जेलमध्ये कैद्यांच्या शिक्षणाचा आणि पुनर्वसनाचा खर्च कोण करतं?

मुख्य भार काउंटीवरच, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनावरच असतो, म्हणजे स्थानिक करांवर. पण त्यातला बराचसा पैसा पहारा, जेवण आणि औषधपाण्यात जातो. वर्ग, समुपदेशन, व्यसनमुक्ती यांच्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते.

कॅलिफोर्निया बघा. २०११ च्या एबी १०९ कायद्यानं कमी गंभीर गुन्ह्यांचे कैदी राज्याच्या तुरुंगाऐवजी काउंटीकडे आले आणि सोबत राज्याचा निधीही आला. २०१४ च्या प्रपोझिशन ४७ नं, म्हणजे मतदारांनी थेट मतदानानं मंजूर केलेल्या कायद्यानं, काही शिक्षा सौम्य केल्या. त्यातून वाचलेल्या पैशांचे ६५ टक्के मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या अनुदानांना जातात. केंद्राकडून २००८ च्या सेकंड चान्स कायद्याखालीही अनुदानं मिळतात.

मला मनापासून खटकतो तो ‘इनमेट वेल्फेअर फंड’, म्हणजे कैदी कल्याण निधी. जेलच्या कँटीनचा नफा आणि फोन कॉलवरचं कमिशन यांवर हा फंड वर्षानुवर्षं पोसला गेला. आत असलेल्या मुलाशी बोलायला आई पैसे मोजणार आणि त्यातूनच त्याचा वर्ग चालणार! गरीब घरांवर हा बोजा टाकणं अन्यायाचंच आहे.

खरं तर सरकारनं हात आखडता घ्यायचं कारण नाही. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासानुसार तुरुंगातल्या शिक्षणावरचा एक डॉलर पहिल्या तीन वर्षांत पुन्हा कैदेवर होणारा चार-पाच डॉलर खर्च वाचवतो. अडचण एवढीच की काउंटी जेलमधले बहुतेक जण कच्चे कैदी, अनेक जण काही दिवसांतच सुटणारे. त्यामुळे बाहेर गेल्यावरही सुरू राहतील अशा छोट्या अभ्यासक्रमांना आधी पैसा द्यायला हवा.