महासंकटापूर्वी विश्वासणारे उचलले जातील, हे खरोखर बायबलमध्ये आहे का?

आपला प्रश्न मत्तयाच्या 24 व्या अध्यायातील ‘मोठ्या संकटा’विषयी, म्हणजे शेवटच्या काळातील मोठ्या छळाविषयी आहे. ख्रिस्ती लोक त्यातून जातील, की त्याआधीच प्रभूला भेटण्यासाठी वर उचलले जातील? उचलले जाण्याचे वचन आहे (1 थेस्सलनीकाकरांस 4:17), परंतु ते संकटाच्या आधी घडेल असे त्या वचनात लिहिलेले नाही. आधी उचलले जाणे, मग सात वर्षांचे संकट, मग प्रभूचे आगमन हा जो तक्ता सभांमधून दाखविला जातो, तो प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या ब्रिटिश उपदेशकांनी मांडला आणि 1909 मध्ये निघालेल्या स्कोफील्ड यांच्या सटीप बायबलने तो सर्वदूर पोहोचविला. दानीएलाच्या भाकितातील सत्तर ‘सप्तकां’पैकी (सात-सात वर्षांच्या काळांपैकी) शेवटचे सप्तक वेगळे काढून भविष्यात ठेवल्याशिवाय तो उभा राहत नाही.

आमच्या घरात हा वाद 2019 च्या ऑगस्टमध्ये पेटला. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची 43 फुटांची धोका पातळी केव्हाच ओलांडली होती, महामार्ग बंद होता आणि कोल्हापुरातील आमच्या मंडळीचे तरुण सखल भागांतून बाहेर काढलेल्या कुटुंबांना जेवण पोहोचवीत होते. त्या वेळी एका उपदेशकाच्या सभांना नेमाने जाणारे माझे दाजी म्हणाले, ‘हा वेदनांचा प्रारंभ आहे. खरे संकट येईल तेव्हा आपण इथे नसणार. मग पोरांना पाण्यात कशाला घालता?’ मी तोच अध्याय काढून त्यांच्यापुढे ठेवला. घराच्या धाब्यावर (छपरावर) असलेल्याने सामान काढण्यासाठी खाली उतरू नये, शेतात असलेल्याने वस्त्रासाठी मागे फिरू नये, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचे हाल होतील, आपले पलायन हिवाळ्यात होऊ नये म्हणून प्रार्थना करा, असे येशू तेथे सांगतो. गोठ्यातली म्हैस सोडून नावेत बसायला तयार नसलेली माणसे आम्ही त्याच आठवड्यात पाहत होतो, त्यामुळे त्या सूचना किती व्यवहाराच्या आहेत हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्यांना संकट दिसणारच नाही, त्यांना अशा सूचना कोणी देत नाही.

‘ती वचने फक्त यहुद्यांसाठी आहेत’, असे दाजींचे उत्तर होते. परंतु मार्क 13:3 प्रमाणे येशूचे हे बोलणे ऐकणारे पेत्र, याकोब, योहान आणि अंद्रिया होते. ते मंडळीचे नव्हते, तर मग मंडळीचे कोण?

याच बोलण्याच्या लूकने दिलेल्या वृत्तांतात (लूक 21:20) सैन्यांनी वेढलेले यरुशलेम आहे, आणि इसवी सन 70 मध्ये रोमी सेनापती टायटसने ते नगर व मंदिर उद्ध्वस्त केले. तेथील ख्रिस्ती लोक त्याआधी यार्देनेपलीकडच्या पेल्ला येथे निघून गेले, असे मंडळीचा प्राचीन इतिहासकार युसेबियस लिहितो. म्हणजे हा इशारा संकटात सापडणाऱ्यांसाठीच आहे, असे मानणारी परंपरा जुनी आहे. काही अभ्यासक सगळे भाकीत तेव्हाच पूर्ण झाले असे मानतात. मी तितक्या टोकाला जात नाही. शेवटच्या काळासाठीही ते उरलेले आहे, असे माझे मत आहे.

दाजींच्या बाजूने प्रकटीकरण 3:10 आणि 1 थेस्सलनीकाकरांस 5:9 ही वचने दिली जातात, ती आपण अवश्य वाचावीत. ती मानणारे अनेक जण प्रामाणिक आणि सेवाभावी आहेत. मात्र त्यांना प्रकटीकरण 7:14 विषयीही विचारावे. शुभ्र झगे घातलेला तो मोठा समुदाय मोठ्या संकटातून आलेला आहे. ते मंडळी उचलली गेल्यानंतर विश्वास ठेवलेले लोक, असे उत्तर मिळेल. दाजीही तेच म्हणतात. योहानाने मात्र ते तेथे लिहिलेले नाही.