कायदा विचारा : आई आत, मुलं बाहेर

प्रश्न : माझी धाकटी जाऊ महिनाभर न्यायालयीन कोठडीत आहे. तिचा मुलगा चार वर्षांचा, मुलगी आठची. मुलगा रात्र रात्र रडतो. त्याला आईजवळ ठेवता येईल का? आणि मुलीला निदान भेटू देतात का? (सोलापूर)

उत्तर : मुलाला ठेवता येईल, मुलीला नाही. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2006 रोजी घालून दिलेली मर्यादा सहा वर्षांची आहे. अर्ज मात्र तुम्ही नाही, जावेने अधीक्षकांच्या नावे करायचा. जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड सोबत द्या, नाहीतर वयावरूनच घोळ सुरू होतो.

अर्ज अडतो तो दुसऱ्याच मुद्द्यावर. बाहेर सांभाळणारं कुणी नसेल तरच मूल आत घेतात. ‘घरी काकू आहे की’ असं म्हणून जावेचा अर्ज बाजूला पडू शकतो. म्हणून ‘आईची आठवण येते’ एवढंच लिहून भागणार नाही. मूल जेवतं का, झोपतं का, आजारी पडलं का, तुमच्या घरात दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं, हे लिहा. बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी असेल तर जोडा. बँकॉक नियम म्हणजे महिला कैद्यांसाठीचे संयुक्त राष्ट्रांचे नियम. त्यांतला 49वा नियम सांगतो, की मूल आईबरोबर ठेवायचं की नाही हे मुलाच्या हिताकडे बघून ठरवायचं, आणि आत राहिलेल्या मुलाला कैद्यासारखं कधीही वागवायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांखालच्यांसाठी पाळणाघर आणि तीन ते सहा वयासाठी बालवाडी सांगितली आहे. ती तिथे खरोखर चालते का, हे जावेला मुलाकातीत विचारा आणि मगच ठरवा. आम्हाला विचाराल तर चार वर्षांच्या मुलाला घाईने बराकीत पाठवू नका.

मुलीच्या भेटीत बहुधा एक गोष्ट आडवी येते. दाखल होताना ‘मुलं किती?’ या प्रश्नाला बऱ्याच बायका ‘नाहीत’ म्हणतात. मुलं कुणी उचलून संस्थेत टाकेल, ही भीती. मग मुलगी मुलाकातीला आली की नोंदवहीत तिचं नावच सापडत नाही. बँकॉकच्या तिसऱ्या नियमानुसार मुलांची संख्या, नावं, वयं आणि ती कुणाजवळ आहेत ही नोंद पहिल्याच दिवशी व्हायला हवी आणि ती गोपनीय ठेवायची असते. जावेच्या नोंदीत चूक असेल तर अधीक्षकांना लेखी कळवून दुरुस्त करून घ्या. शिक्षा म्हणून मुलांची भेट बंद करता येत नाही (नियम 23), आणि मुलांची भेट शक्यतो जाळीशिवाय, मोकळ्या वातावरणात व्हावी (नियम 28). महाराष्ट्रातल्या काही कारागृहांत ‘गळाभेट’ हा मुलांना जवळ घेऊन भेटण्याचा उपक्रम होतो, त्याची चौकशी करा.

प्रश्न : हे बँकॉक नियम आपल्याकडे बंधनकारक आहेत का?

उत्तर : नाहीत. थायलंडच्या पुढाकाराने आलेले हे 70 नियम संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 21 डिसेंबर 2010 रोजी मंजूर केले. तो करार नव्हे, त्यामुळे नुसत्या नियमावर दाद मागता येत नाही. अर्जात आधी भारतीय आधार लिहा, म्हणजे निकाल, कायदा किंवा 2016ची आदर्श कारागृह नियमावली, आणि मग बँकॉक नियमाचा क्रमांक. उलट क्रमाने लिहिलेला अर्ज ‘परदेशी कागद’ म्हणून हातावेगळा केला जातो. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर 1987च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन : 15100.

प्रश्न : आत महिन्याला ठरावीकच पॅड देतात, ते पुरत नाहीत. तक्रार कुणाकडे?

उत्तर : बँकॉकच्या पाचव्या नियमात पॅड मोफत आणि पाण्याचा नियमित पुरवठा, दोन्ही आहेत. आदर्श नियमावलीतही पॅड ‘गरजेप्रमाणे’ आहेत, ठरावीक संख्येचं बंधन नाही. बँकॉक नियमांवरचं भाष्य आणखी पुढे जातं : मागताना ओशाळावं लागू नये, बाईनेच द्यावेत, किंवा हवे तेव्हा हाती यावेत अशा जागी ठेवावेत. जास्त रक्तस्राव असेल तर कारागृहाच्या डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या, मग संख्येचा वाद उरत नाही. तरीही जमलं नाही तर पुढच्या तारखेला न्यायाधीशांपुढे सांगा, किंवा कारागृहात येणाऱ्या विधी सेवा वकिलाकडे लेखी द्या.

प्रश्न : गरोदर कैदीला दवाखान्यात बेड्या घालतात का? बाळाच्या दाखल्यावर तुरुंग येतो का?

उत्तर : प्रसूतीच्या कळा सुरू असताना, प्रसूती होताना आणि त्यानंतर लगेच बेड्या, साखळी काहीही घालायचं नाही, असं बँकॉक नियम 24 आणि सगळ्याच कैद्यांसाठीचे संयुक्त राष्ट्रांचे 2015चे मंडेला नियम (48वा) दोन्ही सांगतात. प्रसूती शक्यतो कारागृहाबाहेर व्हावी, असं 2006च्या निकालात आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका गरोदर कच्च्या कैदीला प्रसूतीसाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. असा अर्ज सातव्या महिन्याआधीच करा, कारण तारखा लांबतात.

दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही, हेही त्याच 2006च्या निकालात आहे. गडबड होते ती केसपेपरवर. सोबतचे पोलीस आईचा पत्ता म्हणून कारागृहाचं नाव सांगतात आणि तेच पुढे नोंदणीत उतरतं. जन्मनोंदणीची मुदत 21 दिवसांची असते. घरचा पत्ता लिहिलेला कागद आधीच तिच्या केसपेपरला टाचून ठेवा.