विश्वस्त बदलले, नोंद जुनीच

प्रश्न : आमच्या वाचनालयाची नोंदणी संस्था म्हणून आहे आणि सार्वजनिक न्यास म्हणूनही. अध्यक्ष २०१५ मध्ये वारले. पुढे २०१६ आणि २०२१ मध्ये निवडणुका झाल्या, पण धर्मादाय कार्यालयात काहीच कळवले गेले नाही. ऑडिट मात्र दरवर्षी वेळेत सादर होते. आता बँक म्हणते, शेड्यूल वनवर (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतील आमच्या न्यासाचा उतारा, त्यात विश्वस्तांची नावे असतात) तुमची नावेच नाहीत, सह्या बदलून मिळणार नाहीत. शेड्यूलवरच्या सात जणांपैकी एकच विश्वस्त हयात आहेत, वय ८८. शिवाय एक शिकवणी वर्ग आमचा वरचा मजला पाच वर्षांसाठी भाड्याने मागतो आहे. काय करावे? – सचिव

उत्तर : सचिवसाहेब, बँकेचे नंतर बघू. आधी त्या ८८ वर्षांच्या विश्वस्तांकडे जा, आणि या आठवड्यातच जा. नोंदवहीत नाव असलेला आणि झालेल्या घडामोडी माहीत असलेला तेवढा एकच माणूस तुमच्याकडे उरला आहे. त्यांचे प्रतिज्ञापत्र आज होईल. पुढच्या वर्षी होईलच असे धरून चालू नका.

ऑडिट वेळेत गेले म्हणजे सगळे सुरळीत, हा समज मला फार ठिकाणी दिसतो. हिशेबांची वाट वेगळी, विश्वस्तांच्या नोंदीची वेगळी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो कळवायचा असतो. मुदत गेली म्हणून दार बंद होत नाही. विलंबमाफीचा अर्ज जोडा आणि उशीर का झाला ते खरे लिहा. 'नव्या मंडळींना नियम माहीत नव्हता' हे कारण तितकेसे भारदस्त नाही, पण रचलेल्या आजारपणापेक्षा बरे.

तिन्ही बदल एकाच अर्जात कोंबू नका. अध्यक्षांचे निधन, २०१६ ची निवडणूक, २०२१ ची निवडणूक असे वेगवेगळे चेंज रिपोर्ट (बदल कळवण्याचे अर्ज) क्रमाने द्या. मधली कडी नसेल तर शेवटच्या निवडणुकीवर हमखास प्रश्न येतो. मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, सभासद यादी, प्रोसिडिंग (सभेचे इतिवृत्त) आणि नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे काढून ठेवा. संस्थेच्या घटनेप्रमाणे मंडळाची मुदत किती होती तेही तपासा. २०२१ चे मंडळही मुदतबाह्य झाले असेल तर आणखी एक निवडणूक आणि आणखी एक रिपोर्ट तुमच्या वाट्याला आहे.

प्रोसिडिंग सापडत नसेल तर? नव्याने लिहू नका. कित्येक वर्षांच्या सभा एका शाईत, एका बैठकीत उतरवलेली वही ओळखायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. एखादा नाराज सभासद हरकत घेऊन उभा राहिला की नोंदीचा वाद बनावट कागदपत्रांच्या फौजदारी तक्रारीवर जातो. त्यापेक्षा हजेरीच्या सह्या, टपालाच्या पावत्या, त्या वर्षीचा अहवाल असे जे खरे हाताशी आहे तेवढेच द्या.

बँकेला दाखल अर्जांची पोच आणि निवडणुकीचा ठराव द्या. चेंज रिपोर्ट प्रलंबित असला तरी निवडून आलेले मंडळ, अंतिम निर्णयाच्या अधीन राहून, कारभार पाहू शकते, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे. शाखाधिकाऱ्याला ती पटेल याची हमी मात्र मी देणार नाही.

आता वरचा मजला. कलम ३६ प्रमाणे न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची आहे. 'पूर्व' म्हणजे पूर्वच. आधी करार करून मग परवानगी मागायची नाही. कागदावर लायसन्स (भाडेपट्टा नव्हे, फक्त वापराची परवानगी) लिहून कब्जा भाडेकरूसारखा दिला तरी मथळा तुम्हाला वाचवणार नाही. आणि परवानगीचा अर्ज आज केलात तर पहिला प्रश्न हाच येईल की अर्जदार कोण, त्यांचे नाव नोंदीत कुठे आहे. म्हणून शिकवणी वर्गाला सध्या थांबवा. थांबायला तयार नसतील तर दुसरा भाडेकरू मिळेल.