अंदमानला जोडीनं निघालायस? मग हे वाच भावा

पाच दिवसांत पाच बेटं बघायचा नाद सोड. श्री विजयपुरम, म्हणजे आपलं पोर्ट ब्लेअर, तिथं एक रात्र आणि स्वराज द्वीपला, जुन्या हॅवलॉकला, तीन रात्री. बास.

कोल्हापुरातनं थेट विमान नाही. चेन्नईमार्गे जाताना मधे मोकळा वेळ ठेव. स्वराज द्वीपच्या बोटीचं तिकीट मात्र आधी काढ. पहिल्या खेपेला आम्ही भरपेट खाऊन बोटीत बसलो आणि दोन तास बायको माझ्याकडं नाही, पिशवीकडं बघत होती! उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या.

स्वराज द्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर साडेतीनलाच पोच. नाव ऐकून आपलं राधानगरी-दाजीपूर आठवेल, असू दे. डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. रंकाळ्यावर सहाला निवांत निघायची सवय इथं नडते. आम्ही पोचलो तेव्हा नुसता अंधार आणि लाटांचा आवाज.

सेल्युलर जेल त्या दिवशी उघडं आहे का, ते आधी बघून घे. पावसाळ्यात स्वस्त मिळतं म्हणून जाऊ नकोस, समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. जानेवारी ते मार्च बरा. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम कर. आणि वहिनींना प्रवाळाचा तुकडा उचलू देऊ नकोस, गुन्हा आहे तो.