एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फायली सांभाळणारं कमांड-लाइन टूल लिहायचं आहे, सुरुवात कुठून करू?

उबुंटू सर्व्हरवर वीसेक साइट, फायली हाताने बदलताना होणारे घोळ, आणि त्यावर उपाय म्हणून पायथनमध्ये टूल, इथपर्यंत तुमचा विचार बरोबर आहे. पण सुरुवात कॉन्फिगच्या पार्सरने (फाइल वाचून तिचे भाग ओळखणाऱ्या कोडने) करताय, असं तुम्ही लिहिलंय. तो पार्सर आधी बाजूला ठेवा.

एन्जिनएक्सचं व्याकरण वरवर सोपं दिसतं. मग हळूहळू अवतरणचिन्हं, रेजेक्समधले (मजकुराचे नमुने सांगणाऱ्या खुणांमधले) महिरपी कंस आणि इनक्लूडमध्ये (दुसरी फाइल आत ओढणाऱ्या ओळीत) दडलेले इनक्लूड बाहेर पडतात. शिवाय वाचलेली फाइल परत लिहिताना लोकांनी घातलेल्या कॉमेंट उडतात. वाचायचंच असेल तर एन्जिनएक्सच्याच मंडळींनी लिहिलेली क्रॉसप्लेन ही पायथन लायब्ररी आहे. पण माझं मत विचाराल, तर टूलने जुनी फाइल दुरुस्त करायच्या भानगडीत पडूच नये. डोमेन, पोर्ट, रूट वगैरे माहिती छोट्या यामल फाइलीत (साध्या मजकुरात माहिती मांडायचा प्रकार) ठेवा आणि जिंजा या पायथनच्या टेम्प्लेट लायब्ररीच्या साच्यातून दर वेळी अख्खी फाइल नव्याने लिहा. एका साइटला एक फाइल.

यात एचटीटीपीएसची सर्टिफिकेट आणून देणारा सर्टबॉट आडवा येतो. त्याचा एन्जिनएक्स प्लगइन तुमच्याच फायलीत आपल्या ओळी घुसवतो, शेजारी ‘मॅनेज्ड बाय सर्टबॉट’ असा शेराही मारतो. पुढच्या वेळी तुमचं टूल त्या ओळी पुसणार आणि त्या साइटचं एचटीटीपीएस गेलं. म्हणून सर्टबॉटकडून वेबरूट पद्धतीने (साइटच्या फोल्डरात फाइल ठेवून डोमेन आपलंच असल्याचं पटवून) फक्त सर्टिफिकेट घ्या, त्याचे पाथ साच्यात लिहा.

फाइल तयार करणं हा सोपा भाग. खरी मेहनत ती लागू करण्यात आहे. आधी फ्लॉक या फाइल-लॉकच्या सोयीने लॉक घ्या, नाहीतर दोघांनी एकदम टूल चालवलं की गोंधळ होतो. नवी फाइल साइट्स-अव्हेलेबल या मूळ फायलींच्या फोल्डरमध्येच तात्पुरत्या नावाने लिहा आणि पायथनच्या ओएस-रिप्लेसने जुनीच्या जागी आणा. एकाच फाइलसिस्टिमवर हे काम एका झटक्यात होतं, अर्धवट फाइल कोणाला दिसत नाही. साइट्स-एनेबल्ड या चालू साइटच्या फोल्डरमधल्या पाथवर मात्र हे करू नका, तिथली सिमलिंकच (मूळ फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) बदलली जाईल. जुन्या फाइलची प्रतही तिथे नको. डेबियन-उबुंटूत त्या फोल्डरचा इनक्लूड नुसत्या ताऱ्याचा (म्हणजे त्यातल्या सगळ्या फायली घ्या, असा) असतो, त्यामुळे नाव .बॅकने संपणारी फाइलसुद्धा इमानेइतबारे लोड होते.

मग एन्जिनएक्स -टी ही कॉन्फिग तपासणारी कमांड चालवा. ही तपासणी संपूर्ण कॉन्फिगची असते, सुट्या सर्व्हर ब्लॉकची (एका साइटच्या तुकड्याची) नाही. म्हणून फाइल जागेवर ठेवायची, तपासायची, नापास झाली तर जुनी परत आणायची. चालू असलेला एन्जिनएक्स रिलोडशिवाय (कॉन्फिग पुन्हा वाचायला सांगितल्याशिवाय) त्या फाइलीकडे बघत नाही, त्यामुळे तेवढ्या वेळात साइटला धक्का लागत नाही. मात्र जुनी परत आणणं विसरलात, तर ती बिघडलेली फाइल गपचूप पडून राहते आणि सर्व्हर रीबूट झाला की एकदम सगळ्याच साइट बंद.

तपासणी पास झाली म्हणजे सुटलो, असंही नाही. समजा नव्या फाइलीत दिलेला पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रामने धरून ठेवलाय. -टी ते चालवून घेते. रिलोडची कमांडही शून्य परत करते, कारण तिचं काम एन्जिनएक्सच्या मास्टर म्हणजे मुख्य प्रोसेसला सिग्नल पोचवण्यापुरतंच. मास्टर पोर्ट घ्यायला जातो, मिळत नाही, एरर लॉगमध्ये नोंद करतो आणि जुनंच कॉन्फिग चालू ठेवतो. तुमचं टूल मात्र हिरव्या अक्षरांत ‘झालं’ म्हणून मोकळं! यावर मला आवडणारा उपाय असा: फक्त लोकलहोस्टवर ऐकणारा एक छोटा सर्व्हर ब्लॉक टूलनेच लिहायचा. सगळ्या यामलचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा ठसा) काढून तो रिटर्न २०० (‘ठीक आहे’ या उत्तरा) सोबत द्यायचा. रिलोडनंतर तो पत्ता दोन-चार वेळा विचारायचा. नवा हॅश आला तर लागू झालं, नाहीतर एरर लॉगच्या शेवटच्या ओळी दाखवून शून्येतर एक्झिट कोडने बाहेर पडायचं.

डिफॉल्ट सर्व्हर (कुठल्याच साइटशी न जुळणाऱ्या विनंत्या घेणारा ब्लॉक) स्वतः ठरवून ठेवा. तो सांगितलेला नसेल, तर त्या पोर्टवर आधी वाचला गेलेला ब्लॉक डिफॉल्ट ठरतो, आणि फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. ‘ए’ने सुरू होणारी नवी साइट आली की अनोळखी डोमेनच्या विनंत्या तिच्याकडे वळतात. वेगळा डिफॉल्ट ब्लॉक करून त्यात ४४४ परत करा, म्हणजे एन्जिनएक्स उत्तर न देता कनेक्शन तोडतो.

पहिल्या आवृत्तीत ॲड, रिमूव्ह, डिफ आणि अप्लाय एवढ्याच कमांड पुरेत. त्यातही डिफ (काय बदलणार ते दाखवणारी) आधी लिहा. कमांड वाचायला पायथनसोबत येणारा आर्गपार्स पुरतो, क्लिक या वेगळ्या लायब्ररीची गरज नाही.