दिवाळीनंतर शिडाच्या बोटीने कोकण किनारा : नागपूरच्या वाचकांचे प्रश्न

शरद ऋतूत कोकणातील लहान बंदरे शिडाच्या बोटीने पाहता येतात का, याविषयी नागपूरच्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न (धरमपेठ) : आम्ही चौघे मित्र दिवाळीच्या सुटीत मांडव्याहून मालवणपर्यंत शिडाच्या बोटीने जाऊ इच्छितो. पाच दिवस पुरतील का?

उत्तर : पुरणार नाहीत. हे अंतर घरी बसून नकाशावर मोजता येते, कारण अक्षांशाची एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल (१.८५२ किलोमीटर) आणि आपला किनारा बहुतांशी उत्तर-दक्षिण आहे. मांडवा ते मालवण सरळ रेषेत सुमारे १६५ सागरी मैल भरते. भूशिरांना घातलेले वळसे धरले तर पावणेदोनशे. तीस फुटी बोट चांगल्या वाऱ्यात ताशी पाच मैल जाते, परंतु वारा दिवसभर मिळत नाही. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, मग तासभर शीड नुसते लोंबकळत राहते आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो, तो सूर्यास्तानंतर मंदावतो. म्हणजे दिवसाला पंचवीस-तीस मैल हा व्यवहार्य हिशेब झाला. मी आपल्या जागी असतो तर रेवदंडा, राजपुरी, बाणकोट आणि हर्णे असे मुक्काम करून दाभोळला सफर संपवली असती. वायव्येचा वारा दक्षिणेकडे जाताना पाठीशी असतो, परतताना मात्र तोच तोंडावर येऊन नागमोडी जावे लागते. म्हणून बोटमालकाशी एकतर्फी सफरच ठरवावी.

याहून महत्त्वाचा मुद्दा तिथीचा आहे. कोकणात चालत आलेला ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. दक्षिणेकडे जावे तशी ही वेळ थोडी अलीकडे येते. आता लक्ष्मीपूजनाचा दिवस घ्या. अमावास्या असल्याने दुपारी बाराला उधाणाची भरती, आणि पहाटे सहाला व संध्याकाळी सहाला खडखडीत ओहोटी. बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, आणि आपल्याला नेमके पहाटे निघायचे व संध्याकाळी आत शिरायचे असते. दोन्ही वेळा दांड्यावर पाणी नाही! याउलट कार्तिक शुद्ध पंचमीपासून दशमीपर्यंत भरती पहाटे व संध्याकाळी पावणेचार ते साडेसातच्या दरम्यान येते. दिवाळीच्या मानाने पाणी कमी चढते खरे, पण आपल्या वेळेला चढते. पहाटे भरती पुरी झाली की ओहोटीच्या ओढीबरोबर बाहेर पडावे आणि संध्याकाळी चढत्या पाण्यावर पुढच्या खाडीत शिरावे. चढते पाणी एवढ्यासाठी की बोट वाळूला टेकलीच, तर तासाभरात आपोआप सुटते. तेव्हा भाऊबीज घरीच करा आणि मग नागपूर सोडा. परतीच्या गाडीचे आरक्षण शेवटच्या मुक्कामानंतर दोन दिवस मोकळे सोडून करावे, कारण समुद्रावरील बरेच वाईट निर्णय ‘उद्या गाडी आहे’ या एका कारणापायी घेतले जातात.

प्रश्न (मानेवाडा) : खिंडसी आणि अंबाझरीला बोटिंग केले आहे, परंतु पोहता येत नाही. मी जाऊ शकतो का?

उत्तर : अनुभवी तांडेल (बोट चालवणारा मुख्य खलाशी) सोबत असेल तर प्रवासी म्हणून जरूर जावे, मात्र जीवरक्षक जॅकेट गाडीच्या हेल्मेटसारखे केवळ पोलिसापुरते न घालता डेकवर असेपर्यंत अंगावर ठेवावे. तलावावरील अनुभवाचा उपयोग मर्यादित आहे, कारण तेथे लाटांची लांब हेलकावणारी फुगोटी नसते आणि भरती-ओहोटीची ओढही नसते. स्वतः शीड हाताळायचे असेल तर गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी रीतसर शिकावे, आणि त्याआधी नागपुरातच जलतरण तलावाचे एक सत्र पुरे करावे. बोट लागण्याची भीती वाटत असल्यास डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी. ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.

प्रश्न (प्रतापनगर) : पावसाळा संपल्यावर समुद्र शांत असतो असे ऐकते. मग मुलगा निघतो म्हटल्यावर माझी काळजी अनाठायी आहे का?

उत्तर : अनाठायी नाही. अरबी समुद्रात मान्सूनपूर्व काळाप्रमाणेच मान्सूननंतरही चक्रीवादळे होतात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ रायगड किनाऱ्यावर आले, तेव्हा मासेमारीला गेलेल्या अनेक बोटी परतल्या नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ किनाऱ्याला न लागता पश्चिमेकडे निघून गेले, तरी त्याच्या लाटांनी कोकणातील बंदरांत नुकसान केलेच. मात्र वादळ एका रात्रीत उभे राहत नाही. हवामान खाते मच्छीमारांसाठी आधीपासून इशारे देते आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. मुलाकडून एवढेच कबूल करून घ्या, की तीन नंबरचा बावटा लागला किंवा मच्छीमारांच्या होड्या भरदिवसा खाडीत परतू लागल्या, तर तो बंदर सोडणार नाही. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक त्याच्याजवळ व आपल्याजवळही असू द्यावेत.

प्रश्न (सदर) : रात्री बोटीतच झोपता येते का? धक्क्याला बोट बांधू देतात का?

उत्तर : झोपता येते, पण धक्क्यावर विसंबू नये. लहान बंदरांतील धक्का मासेमारीसाठी आहे. हर्णेला संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू असताना आपली बोट मध्ये घालणे शिष्टाचाराला धरून नाही. बंदर कार्यालयात वर्दी द्यावी, ओळखपत्रे जवळ ठेवावीत आणि नांगर खाडीत टाकावा. खाडीचा चिखल नांगर घट्ट धरतो, मात्र दोर पुरेसा सोडला पाहिजे. समजा, ओहोटीला पाणी तीन मीटर आहे, भरतीने आणखी तीन चढणार आहे आणि बोटीची नाळ (पुढचे टोक) पाण्यापासून एक मीटर वर आहे. ही बेरीज सात मीटर झाली, तिच्या पाचपट म्हणजे पस्तीस मीटर दोर हवा. नवखे लोक ओहोटीच्या पाण्यावर हिशेब करतात आणि मध्यरात्री नांगर ओढला जातो. प्रवाह उलटला की बोटही फिरते, त्यामुळे त्या वर्तुळात दुसरी होडी किंवा खाडीत रोवलेल्या डोल जाळ्याचा खुंट येत नाही ना, हे उजेडातच पाहावे. अंधारात जाळ्यांची बोयी (तरंगत्या खुणा) दिसत नाहीत, आणि जाळ्याचा दोर बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकला की आपलेही नुकसान आणि कोळ्याचेही. एवढ्याच कारणासाठी मी हौशी मंडळींना रात्री बोट चालवू नये असे सांगतो.

प्रश्न (वर्धमाननगर) : नोव्हेंबरात स्वेटर लागेल का?

उत्तर : नागपूरच्या थंडीचा नको. पहाटेच्या मतलई वाऱ्यापुरते एक पातळ विंडचीटर, दुपारसाठी पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि दोरीने हनुवटीखाली बांधता येणारी टोपी पुरेशी आहे.