शेअर समजावताना भावापासून सुरुवात करू नका

दहा वर्षांच्या मुलीला शेअर कसा समजावायचा, आणि "भाव रोज वर-खाली का होतो?" याला काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय. भावाचं उत्तर लगेच देऊ नका. शेअर म्हणजे धंद्यातला वाटा, हे आधी पक्कं व्हायला हवं. नाहीतर मुलांना नुसते आकडे उड्या मारताना दिसतात आणि ती त्याला लॉटरी समजून बसतात.

भरपूर मणी आणि २० चिठ्ठ्या घ्या, चार-पाच जण जमवा. वह्या शिवायचा लुटुपुटूचा कारखाना काढा. यंत्राला १०० मणी लागतात, म्हणून प्रत्येकी ५ मण्यांना सगळ्या चिठ्ठ्या विका. ज्याच्याकडे ५ चिठ्ठ्या, त्याचा पाव कारखाना. आता एखाद्याला मणी परत मागू द्या. ते यंत्रात गेलेत, मिळणार नाहीत. इथे घाई करू नका, कारण उसने देणं आणि वाटा घेणं यातला फरक इथेच कळतो. मणी हवे असतील तर चिठ्ठी दुसऱ्याला विकायची. बाजार लागतो तो यासाठी. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने लोकांकडून भांडवल उभारलं, तेही वर्षानुवर्षं अडकून राहणारं होतं, म्हणून ॲमस्टरडॅममध्ये भागधारक आपले वाटे एकमेकांना विकू लागले.

वर्षाचा नफा ४० मणी धरा. २० कारखान्यात ठेवा, २० वाटून टाका: चिठ्ठीमागे १. हा लाभांश. पुढच्या फेरीत मुद्दाम तोटा दाखवा, लाभांश शून्य.

मग भाव. विकणारे दोघं कमीत कमी किती घेणार ते लिहितील: ७ आणि ८. घेणारे जास्तीत जास्त किती देणार ते: ५ आणि ६. सौदा होतच नाही. आता बातमी सांगा, "५०० वह्यांची मागणी आली!" कुणीतरी ६ खोडून ७ लिहितं आणि सौदा होतो. भाव ७. लगेच कारखान्याचा डबा उघडून दाखवा: त्यात एकही मणी वाढलेला नाही, मणी घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे गेले. "यंत्र मोडलं" अशी बातमी देऊन हेच पुन्हा करा.

मोठेसुद्धा हमखास चुकतात ते "कमी भाव म्हणजे स्वस्त" इथे. ७ मण्यांच्या २० चिठ्ठ्या म्हणजे अख्खा कारखाना १४० मण्यांचा. दुसऱ्या एखाद्या कारखान्याची चिठ्ठी २ मण्यांची, पण चिठ्ठ्या २००, म्हणजे तो ४०० चा. हा गुणाकार मुलीलाच करू द्या. भाव १० वरून ५ झाला तर घट ५० टक्के, पण परत १० व्हायला वाढ १०० टक्के लागते, हेही तिनेच मांडून पाहावं.

शेवटी सर्वात जास्त मणी असणाऱ्याला बक्षीस ठेवू नका. बक्षीस असलं की मुलं सगळे मणी एकाच कारखान्याच्या चिठ्ठ्यांवर लावतात. त्यापेक्षा घेताना चिठ्ठीच्या मागे "का घेतली" हे एका ओळीत लिहायला लावा आणि दोन फेऱ्यांनंतर ती ओळ मोठ्याने वाचायला सांगा.